ऐकायला घरचं माणूस

दौंडच्या त्या दवाखान्यात बायकांच्या टीबी वॉर्डाला राजश्री सिस्टरचा एक नियम होता. पेशंटचा बेडका तपासून स्वच्छ येऊ दे, मोठ्या डॉक्टरची सही होऊ दे, तरी सुट्टी नाही. घरचं एक माणूस यायचं, खाटेशेजारच्या स्टुलावर बसायचं, सिस्टर सांगेल ते सगळं ऐकायचं आणि कार्डावर सही करायची. मगच गाठोडं बांधायचं.

जाईबाईला हा नियम बिलकूल पटला नव्हता. शिरूर तालुक्यातल्या निमोण्याची ही म्हातारी, पासष्टी ओलांडलेली, अंगानं काडी पण जिभेला धार. दोन महिने वॉर्डात काढलेले. दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला सुट्टी व्हायची आणि तोच धडा हिच्या कानावर पडायचा. गोळ्या रोज सकाळी अनशापोटी, अजून चार महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. लघवी तांबडी झाली तर घाबरायचं नाही, डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच यायचं. खोकताना तोंडाला पदर, बेडका झाकणाच्या डब्यात, वरून राख. गोळ्या मधेच सोडल्या तर दुखणं उलटतं आणि मग गोळ्यांनाही जुमानत नाही. एकदा सिस्टर पिवळ्या डोळ्यांचं सांगायला विसरली, तर ह्या बाईनं खाटेवरून ओरडून आठवण केली.

"मला समदं तोंडपाठ हाय, सिस्टर. ऐकायला माणूस कशाला पायजे? म्हणून दाखवू का?"

"आजी, तुम्हाला येतंय हो," सिस्टर म्हणाली. "पण हे तुमच्यासाठी नसतं. घरच्यांसाठी असतं."

जाईबाईला ते काही उमगलं नाही. म्हातारीच्या डोक्यात राहणार नाही असं हिला वाटतंय, एवढंच ती समजली आणि दिवसभर सिस्टरशी बोलली नाही.

तिचा बेडका स्वच्छ आला तो नव्याण्णव सालच्या चैत्रात. निमोण्याच्या किराणा दुकानात फोन होता, तिथं दवाखान्यातून निरोप गेला. तिच्या लेकाचा, साहेबरावाचा, उलटा निरोप आला की कांद्याची काढणी चाललीय, चार दिवसांनी येतो. चार दिवसांनी कळलं, मजूर मिळेनात. त्यानंतर काही कळलंच नाही. "कांदा काय थांबतोय व्हय कुणासाठी?" असं जाईबाई वॉर्डभर सांगत सुटली. पण दाराशी चप्पल वाजली की सगळ्यांच्या आधी हिची मान वर व्हायची.

तिला घरची ओढ होती म्हणजे खरं तर एकाच जिवाची होती. सायली, साहेबरावाची धाकटी पोर, चार वर्षांची. आजीच्या मांडीवर डोकं आणि मुठीत आजीचा कान, असं असल्याशिवाय त्या पोरीचा डोळा लागायचा नाही. आता कुणाचा कान धरत असंल गं, असं मनात आलं की जाईबाईला अन्न गोड लागायचं नाही. तिला घरात मान नको होता, लुगडं नको होतं, काही नको होतं. पोर मांडीवर हवी होती.

शेजारच्या खाटेवर पुतळाबाई होती, दौंडचीच. तिचा लेक सतीश रेल्वेत होता. तो रोज डबा घेऊन यायचा, येताना ओळखीच्या बायकांना जय भीम करत यायचा, आणि डब्यात दोघींपुरतं असायचं. पहिल्या दिवशी जाईबाई घुटमळली, खोटं कशाला बोला. गावाकडं बौद्धवाड्यातलं पाणीसुद्धा तिनं कधी घेतलं नव्हतं. मग भूक लागली, आणि मग चव लागली. आता डब्याला उशीर झाला तर पुतळाबाईच्या आधी हीच कुरकुरायची.

एक दिवस राजश्री सिस्टर भाचीच्या लग्नाला रजेवर गेली. बदलीला दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर आली, तिला इथलं कुणी ओळखीचं नव्हतं. पुतळाबाई हळूच म्हणाली, "जाई, माझा सतीश घे की उसना. स्टुलावर बसंल, मान हलवंल, सही करंल. जा तू तुझ्या नातीकडं."

"अगं, पाप लागंल."

"लागू दे मला. मी हितंच हाय अजून महिनाभर."

सतीश बिचारा घामाघूम झाला. "मावशी, दुसऱ्याच्या नावानं सही म्हंजी..."

"दुसऱ्याच्या कशाला? माझ्याच लेकाच्या," जाईबाई म्हणाली. "साहेबराव लिही. मी आई हाय त्याची, मी सांगते ना!"

तर असा साहेबराव होऊन सतीश स्टुलावर बसला. नवी सिस्टर मोठी नेटकी बाई होती, तिनं एकेक गोष्ट सावकाश सांगितली. नुसती मान हलवायची ठरलेली, पण सतीशनं सगळं मन लावून ऐकलं. ह्या गोळ्या महिन्याच्याच आहेत, पुढच्या हे कार्ड दाखवून शिरूरच्या सरकारी दवाखान्यातून घ्यायच्या, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं. आणि मग, कुणी शिकवलेलं नसताना, त्यानं विचारलं, "सिस्टर, घरात लहान पोरगी हाय. तिला मांडीवर घेतली तर चालंल का?"

"चालेल की! आता ह्यांच्यापासून लागण नाही. ताटवाटी वेगळी नको, खाट वेगळी नको. गोळ्या तेवढ्या चुकवू नका." आणि तिनं ते कार्डावर लिहिलंसुद्धा, लहान मुलांना जवळ घेण्यास हरकत नाही, मुलास समजावून सांगितले. खाली सतीशनं साहेबरावाची सही ठोकली.

जाईबाईला हुंदका आवरेना. आपल्या पोटच्या लेकाला हे सुचलं असतं का, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिनं ते लगेच झटकून टाकलं.

सतीशनं तिला एस.टी.त बसवून दिलं. चौफुल्याला गाडी बदलली, न्हावऱ्यापासून जीप. भर दुपारी ती घरासमोर उतरली. सायली अंगणातच होती. "आजीऽऽ" म्हणून पोर सुटली ती वाऱ्यासारखी, आणि जाईबाईनं गाठोडं खाली टाकून दोन्ही हात पसरले. पण मधेच सुनेनं, धुरपदानं, पोरीला दंडाला धरून मागं ओढलं. इतक्या जोरात की पोर रडायलाच लागली.

"आत्याबाई, तुमची सोय तिकडं केलीय," धुरपदा म्हणाली. आवाजात राग नव्हता, हे खरं. भीती होती.

गोठ्याला लागून पत्र्याचं छप्पर होतं, तिथं सोय होती. जमीन सारवलेली, नवी खाट, नवी गोधडी, नवं ताट, नवा तांब्या. सगळं नवं आणि सगळं वेगळं. कांद्याच्या काढणीतून वेळ काढून हे केलं होतं लेकानं.

साहेबराव शेतातून आला तो आठ-दहा हातांवरच थांबला. जाईबाई भडाभडा बोलत सुटली. बेडका स्वच्छ आलाय, माझ्यापासून लागण न्हाई, पोर मांडीवर घेतली तरी चालतंय, सिस्टरनी सांगितलंय!

"कुणाला सांगितलं?"

"मला."

"तुला सांगत्यात व्हय असं? तुला घरात यायचंय म्हणून तू काय बी म्हणशील."

जाईबाईनं कार्ड काढलं. साहेबरावानं ते दोन बोटांनी धरलं आणि उन्हात वाचलं. वाचता वाचता त्याची मान वर आली.

"मुलास समजावून सांगितले? मुलगा तर मी हाय. मला कवा सांगितलं? आन् ही सही? सोसायटीत वीस वर्षं सही करतोय मी. ही माझी सही न्हाई. कुणी केली?"

आता काय सांगावं? तिनं सगळं खरं सांगितलं. पुतळाबाई, सतीश, राजश्री सिस्टरची रजा, सगळं.

"कोण सतीश? कुणातला?" साहेबरावानं विचारलं. ती गप्प राहिली तेव्हा त्याला कळलं, आणि त्याचं तोंड आणखीच कडू झालं. पण त्याचं खरं दुखणं ते नव्हतं. तो ओरडला, "आई, सही खोटी, लेक खोटा, मग बेडका तेवढा खरा म्हणू व्हय मी? दादाच्या वेळी असंच 'बरं झालं, बरं झालं' म्हणून घरात घेतलं. सहा महिन्यात म्हाळू गेला. इसरली का?"

ती कशाला विसरेल? नवरा गेणबा, म्हणजे साहेबरावाचा दादा, आणि धाकटा लेक म्हाळू, दोघांना ह्याच दुखण्यानं नेलेलं. राजश्री सिस्टर काय म्हणाली होती ते आत्ता, ह्या अंगणात, तिच्या ध्यानात आलं. हे तुमच्यासाठी नसतं. घरच्यांसाठी असतं. डोकं भिंतीवर आपटून घ्यावं असं वाटलं तिला.

"दौंडला जाऊन इचार की, बाबा. सिस्टर समदं सांगत्याल."

"जाईन. कांदा उरकू दे." आणि खोट्या सहीचं लचांड आपल्या गळ्यात नको म्हणून त्यानं ते कार्ड चुलीत घातलं.

कांदा उरकला. मग कांदा साठवायची चाळ भरायची होती, मग मशागत, मग पेरणी. बरोबर आणलेल्या गोळ्या जाईबाईनं रोज सकाळी अनशापोटी घेतल्या, एक दिवस चुकवला नाही. महिना भरला आणि पुडकं संपलं. एकदा ती एकटीच शिरूरला जायला जीपच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. आत बसलेल्या बाया सरकून बसल्या, पण तिला जागा करायला नव्हे. जीपवाला खाली मान घालून म्हणाला, "आजी, साहेबरावला संगं घिऊन या, मग नेतो." घरचं माणूस आणा, हेच पुन्हा. ती परत फिरली, आणि त्यानंतर तिनं कुणापुढं तोंड वेंगाडलं नाही.

भाद्रपदात खोकला आला. आधी पहाटेचा, मग दिवसभराचा. संध्याकाळी अंगात कणकण. जाईबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. धडा तोंडपाठ होता तिला, उलटलेल्या दुखण्याचा भागसुद्धा.

त्या भागात बैलपोळा भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. त्या दिवशी सगळे बैलांच्या गडबडीत होते. सायलीवर कुणाचं लक्ष नव्हतं. हातात पुरणपोळीचा अर्धा तुकडा घेऊन पोर गोठ्यामागून आली आणि काही न बोलता खाटेवर चढली. गुडघा टेकून आजीच्या मांडीवर चढायला लागली. एक हात आधीच कानाकडं आला होता. पाच महिने ह्याच क्षणासाठी जीव धरून राहिली होती ही बाई.

जाईबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दुसऱ्या हातानं पोरीला ढकललं. पोर खाटेवरून उतरेना, तसा तिनं पदर काढून आवाज चढवला. "लांब हो! लांब हो म्हणते ना! माझ्याजवळ येऊ नगं! जा आईकडं!"

पोर घाबरून किंचाळली. हातातली पोळी मातीत पडली. गोठ्यात बैलांच्या शिंगांना रंग लावत असलेला साहेबराव धावत आला, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि मागं आलेल्या धुरपदाला म्हणाला, "बघ. म्हणलं नव्हतं? तिचं तिला ठावं हाय."

जाईबाई पाठ फिरवून खोकली. डब्याचं झाकण काढून थुंकली आणि वरून मूठभर राख टाकली. सुट्टी झाल्यापासून घरच्या माणसानं तिचं म्हणणं आज पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि लगेच खरं मानलं होतं.