पुलाखालचा थांबा

ड्रायव्हरने कागद वाचला आणि सही न करताच साहेबांच्या टेबलावर परत सरकवला.

"यात कारण चुकलंय," तो म्हणाला.

अकरा नंबरची गाडी गेल्या दहा दिवसांत सात वेळा पुलाखाली, म्हणजे जिथे थांबाच नाही अशा जागी, चार-चार मिनिटं उभी होती, असं कागदावर लिहिलं होतं. शेवटच्या रकान्यात टाइप केलं होतं : चालकाचे वैयक्तिक काम.

वाहतूक साहेब वयाने त्याच्या मुलीएवढे. त्यांनी पेन उघडलं.

"मग काय लिहू?"

"प्रोस्टेट."

साहेबांची नजर दाराकडे गेली. दार उघडं होतं आणि बाहेर दोन मेकॅनिक चहा पीत उभे होते.

"जरा हळू बोला की."

"हळू कशाला? चोरी केलीय का मी? प्रोस्टेट वाढलंय. पुलाखाली मुतारी आहे, म्हणून तिथे थांबतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा तास लागतो, साहेब. आता तेवढं निभत नाही."

डेपोत त्याला सगळे 'घड्याळ' म्हणत. एकतीस वर्षांत त्याची गाडी उशिरा लागल्याचं कुणाला आठवत नव्हतं. साहेबांनी नेमकं तेच काढलं.

"तुमच्यासारख्या माणसाने असं करावं? अहो, घड्याळ म्हणतात तुम्हाला."

"घड्याळही दुरुस्तीला जातंच की कधीतरी."

बाहेर एक मेकॅनिक फिसकन हसला. साहेबांनी पेन मिटलं.

"हे बघा, तुमचं एकच वर्ष राहिलंय. शेडमध्ये बसा, गाड्यांची ये-जा लिहा. पगार तोच, त्रास नाही."

"हात, पाय, डोळे शाबूत आहेत माझे. गाडी त्यांच्यावर चालते."

"ठीक आहे. उद्या अकरा नंबरच्या फेरीला मी स्वतः येतो. पुलाखाली गाडी थांबली, तर मला वर कळवावं लागेल. मग शेड ठरलेलीच समजा."

"या. पुढची सीट ठेवतो तुमच्यासाठी," ड्रायव्हर म्हणाला आणि बाहेर पडला.

हा ताठा त्याच्यात जन्मापासून नव्हता. आठ महिने तोही हळूच बोलत होता. खरं तर बोलतच नव्हता. रात्रीतून चार वेळा उठणं बायकोच्या लक्षात आलं, तिने ते मुलीच्या कानावर घातलं आणि मुलीने दुसऱ्या शहरातून गोळ्यांची एक डबी पाठवली. डबीवरचा लांबलचक शब्द बायकोने चष्मा लावून तोडत तोडत वाचला : अँटि-ऑक्सि-डंट. वय झालं की शरीर आतून गंजतं आणि या गोळ्या तो गंज रोखतात, असं मुलीने फोनवर समजावलं.

"गंजलेल्या गाडीला कुणी सरबत पाजत नाही," तो म्हणाला होता. पण गोळी घेतली. डबीमागून डबी येत राहिली. सोबत टोमॅटोचा रस, डाळिंबाचे दाणे आणि दोन वेळा ग्रीन टी सुरू झाला. ग्रीन टीने तर आगीत तेलच ओतलं. गाडी बाजार चौकात पोचायच्या आत त्याचे गुडघे एकमेकांना चिकटत. तरी त्याने एक दिवस चुकवला नाही. गोळी गिळायला तोंड उघडावं लागत होतं, पण बोलावं लागत नव्हतं.

मग महिन्यापूर्वी, कळ दाबून गाडी हाकताना, त्याला लाल सिग्नल दिसलाच नाही. ब्रेक लागला तेव्हा रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईची पिशवी आणि गाडीचं नाक यांच्यात हातभर अंतर उरलं होतं. बाई ओरडली नाही, की तिने शिव्या दिल्या नाहीत. पिशवी छातीशी धरून ती नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

त्याच संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी बोटाने तपासलं, रक्त तपासायला पाठवलं, सोनोग्राफी करून घेतली. चार दिवसांनी म्हणाले, कॅन्सरचं काही दिसत नाही, ग्रंथी वाढलीय. औषध लिहून दिलं. तेव्हा त्याने खिशातली डबी त्यांच्यापुढे ठेवली.

डॉक्टरांनी ती फिरवून पाहिली. "टोमॅटो खा, डाळिंब खा, चांगलंच आहे. पण या गोळ्यांनी वाढलेली ग्रंथी कमी होते, असं मी काही सांगू शकत नाही. ग्रीन टी मात्र बंद. आणि काय हो, आठ महिने आधी का नाही आलात?"

तो पायातल्या चपलेकडे बघत राहिला.

"औषधाचा गुण यायला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. "तोवर दाबून ठेवायचं नाही. लागली की जायचं. कळलं?"

तेव्हापासून तो पुलाखाली थांबू लागला.

साहेबांशी झालेलं बोलणं त्याने जेवताना बायकोला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"अहो, डेपोभर दवंडी पिटायची काय गरज होती? काहीतरी सांगायचं. पोट बिघडलं म्हणायचं."

"रोज?"

"एक दिवस दाबा हो. उद्याचाच दिवस. साहेब उतरले की मग काय थांबायचं ते थांबा."

तिने डाळिंबाची वाटी पुढे सरकवली.

"हे मी आवडतं म्हणून खातोय हं," तो म्हणाला. "औषध म्हणून नाही."

"कशासाठी का असेना, खा," ती म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी अकराची फेरी खच्चून भरली. साहेब पुढच्या सीटवर बसले, मांडीवर कागद लावलेली पाटी, हातात वेळ मोजायला मोबाईल. कंडक्टर मुलगी तिकिटं फाडत मागून पुढे आली आणि ड्रायव्हरच्या कानाशी म्हणाली, "काका, आज जमेल ना?"

"बघू."

बाजार चौक गेला. शाळा गेली. पूल दिसू लागला तशी ओटीपोटात ओळखीची कळ उठली. पुढे अजून पस्तीस मिनिटं होती. दाबता आलं असतं. दात आवळून कदाचित शेवटपर्यंतही गेला असता. आरशात त्याला साहेबांचा अंगठा मोबाईलवर तयार दिसला. समोरच्या सिग्नलपाशी माणसं रस्ता ओलांडत होती.

त्याने गाडी डावीकडे घेतली, पुलाखाली उभी केली आणि मागे वळून उभा राहिला.

"मंडळी," तो कंडक्टर तिकिटं विचारतात तशा आवाजात म्हणाला, "मला लघवीला जायचंय. प्रोस्टेट वाढलंय माझं. चार मिनिटं लागतील. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मागची गाडी येतेच आहे."

कॉलेजची दोन मुलं खिदळली. साहेबांचे कान लाल झाले. तो उतरला आणि न धावता, नेहमीच्या चालीने मुतारीत गेला.

आत त्याने घाई केली नाही. घाई करून होणारं ते कामच नव्हतं.

हात धुऊन बाहेर आला, तर दारात रांग होती. टाय लावलेला, बगलेत फाईल धरलेला एक गृहस्थ. त्याच्यामागे काठी टेकलेले एक आजोबा. त्यांच्यामागे आणखी दोघं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे समोरच्या भिंतीकडे असे बघत होते, जणू तिथे काही लिहिलेलं आहे. त्याने बाजूला होऊन टायवाल्याला वाट दिली.

तो गाडीत चढून सीटवर बसला. साहेबांनी मोबाईल त्याच्यापुढे धरला.

"चार मिनिटं म्हणालात. सहा झाली, आणि गाडी अजून उभीच आहे."

"माझी चारच होती, साहेब. बाकीची त्यांची."

साहेबांनी खिडकीतून रांगेकडे पाहिलं. काठीवाले आजोबा आता आत शिरत होते. मागून कुणीतरी वैतागून ओरडलं, "अहो, चला की आता! काय चाललंय हे?"

"गप रे," मधल्या सीटवरची एक म्हातारी मागे न बघताच कडाडली. "आमचे हे आत आहेत."

कंडक्टर मुलीने घंटीच्या दोरीवरचा हात खाली घेतला. ड्रायव्हरने किल्लीला हात लावला, पण ती फिरवली नाही.

"अजून किती राहिलेत?" साहेबांनी विचारलं.

"दोघं," मुलगी म्हणाली.

साहेबांनी मोबाईल पालथा करून पाटीवर ठेवला.