दोन नायलॉन

वटारच्या वाडीत प्लॅस्टिकची कुठलीही दोरी म्हणजे नायलॉन. पांढरी असो, निळी असो, आगाशीच्या बाजारात मागायची तीही याच नावाने. म्हणून सासूबाई सत्यवती बावखलाच्या काठावरून "नायलॉन आन!" असं ओरडल्या, तेव्हा हेमांगीने पडवीतली त्यातल्या त्यात दणकट, पांढरी दोरी उचलली आणि धावत सुटली.

तिचे सासरे, आत्माराम, पंपाच्या पाइपात अडकलेली जलपर्णी काढायला त्या तळ्यात उतरले होते आणि कमरेपर्यंत गाळात रुतले होते. माणूस पट्टीचा पोहणारा, पण पायच धरून ठेवल्यावर पोहणार काय? पाणी हनुवटीला टेकलं होतं. जरा हलले की आणखी खाली जात.

हेमांगीने दोरीचं एक टोक काठावरच्या सुपारीच्या झाडाला बांधून दुसरं फेकलं. ते जरा अलीकडे पडलं आणि सरळ तळाला गेलं. सासरे गढूळ पाण्यात चाचपडत राहिले. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. खरं नायलॉन ते, ताकदीला उत्तम, पण पाण्यात बुडणारं. तिला त्या दोरीचा असा संताप आला की रडूच फुटलं.

मग कपडे वाळत घालायची निळी दोरी आठवली. लोक तिलाही नायलॉन म्हणत, पण ती होती पॉलिप्रोपिलीनची. बादलीत टाकली तरी वर यायची. मात्र वर्षानुवर्षं उन्हात तापून ती इतकी ठिसूळ झाली होती की हाताला भुकटी लागायची. माणसाचं वजन ती पेलणार नव्हती.

हेमांगीने ती सोडून आणली, तिचं एक टोक पांढरीच्या मोकळ्या टोकाला बांधलं आणि निळी फेकली. ती पाण्यावर पसरली आणि वाऱ्याने सरकत सासऱ्यांच्या बोटांशी आली.

आता सगळं त्यांच्या हातात होतं, आणि भीती तीच होती. या माणसाने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, फुलपाड्याच्या फ्लॅटमधून आलेल्या सुनेचं तर नाहीच नाही. जिवाच्या आकांताने एक हिसका दिला असता, तर निळी तुटली असती.

"बाबा, हिसका देऊ नका. हळू ओढा, मागून पांढरी येईल. ती हाताला गुंडाळा आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

ते तिच्याकडे बघत राहिले. नाकात पाणी जात होतं. मग सुईतला दोरा ओढावा तशी त्यांनी ती अलगद ओढायला घेतली.

पांढरी त्यांच्या हाताला गुंडाळली गेल्यावर दोघी बायकांनी टाचा रोवून खेचलं. कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग गाळाने पाय सोडले.

काठावर ते चिखलात पालथे पडून खोकत होते. सत्यवती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत रडत होत्या. त्यांनी मुठीतली दोरी काढायला घेतली, तर म्हाताऱ्याने मान हलवली आणि मूठ आणखी आवळली.

मग सुनेकडे बघून विचारलं, "आता सोडू?"