पद्मिनीच्या नावाचा पक्षी

वेस्ट विंडसरला शैलेंद्रकाकांच्या दारात अनिशने गाडी लावली, पण उतरायला पाय उचलेना. रिझल्ट फोनवर सांगता आला असता. पण काकांनीच मागे लागून त्याला त्याच्या लॅबमध्ये ही टेस्ट करायला लावली होती. "डीएनए कर रे बाबा, एकदाची त्या शंकेखोरांची तोंडं बंद होऊ देत!"

भानगड होती एका अँटबर्डची. ॲमेझॉनच्या जंगलात मुंग्यांच्या फौजेमागे फिरणारा मुठीएवढा पक्षी. नदीच्या एका काठावर त्याची पाठ काळी, दुसऱ्या काठावर विटकरी. तरुणपणी काकांनी विटकरीवाला वेगळ्या जातीचा म्हणून जाहीर केला आणि त्याला बायकोचं नाव दिलं. ही वेगळी जात नाहीच, असं काही जण तेव्हापासून म्हणत आले होते. पद्मिनीकाकू तेव्हा जंगलात बरोबर होत्या. म्युझियमसाठी पक्ष्यात कापूस भरून पोट शिवायचं काम त्यांचं. गेल्या थंडीत काकू गेल्या.

"ये रे. दूध संपलंय, कोरा चहा चालेल?"

"चालेल काका."

"तोंड का पाडलंयस? बोल की."

"काका... दोन्ही काठांचे पक्षी एकाच जातीचे आहेत. परत रन केलं मी. फक्त रंगाच्या जीनपाशी फरक दिसतो. बाकी सगळं सेम."

"सॅम्पलची अदलाबदल झाली असेल."

"मलाही तेच वाटलं होतं, यार... सॉरी, काका. नाही झाली."

काकांनी कप खाली ठेवला. "म्युझियममधल्या माझ्या पक्ष्याचं सॅम्पल कुठून घेतलंस?"

"तळपायाचं सालपट फक्त. पोटाकडे ब्लेड नेलंच नाही. काकूंचे टाके जसेच्या तसे आहेत."

"इतके बारीक घालायची! मी ओरडायचो, अगं, साडीला फॉल लावत नाहीयेस." ते हसायला गेले, जमलं नाही. "म्हणजे तिचं नाव गेलं."

"रिसर्च पेपरमध्ये एकदा येईल. रद्द केलं, असं लिहायला."

काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"ऑथरमध्ये मला घे."

"कशाला काका? लोक म्हणतील..."

"म्हणू देत. नाव मी ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी पुसलेलं मला नाही बघवणार."

अनिशने लॅपटॉपवर पेपर उघडून त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी चष्मा पुसला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत काकूंचं नाव टाईप केलं. बोट तिथेच थांबलं.

मग त्यांनी लॅपटॉप हळूच अनिशकडे सरकवला.

"पुढचं तू लिही रे."