चार मऊ टायर

पारमितानं टायर आडवा पाडला, गुडघा टेकून बसली आणि अंगठ्याचं नख कडेच्या रबरात दाबलं. नख रुतलं नाही.

"हा तो नव्हे," ती म्हणाली.

"साइज तीच हाय की, सर," टायरवाला भरमू म्हणाला. बोलली ती होती, उत्तर दीपंकरला.

दीपंकर, तिचा नवरा, दुकानाच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. बेळगावच्या कोर्टात त्याची चांगली वकिली चालत होती, पण गाडीतलं त्याला एकच कळे: पेट्रोल संपत आल्याचा दिवा. तरी आल्यापासून भरमू जे काही बोलला, ते त्याच्याकडे बघूनच. गाडी पारमिताची. निळी, सेकंडहँड, टर्बो इंजिनाची, तिच्या कॉलेजच्या पगारातून घेतलेली. येत्या रविवारी काकतीच्या पुढच्या मैदानावर, घड्याळाशी स्पर्धा करत वळणावळणानं ती चालवणार होती तीही पारमिताच. पण भरमूच्या लेखी ती सरांबरोबर आलेली होती.

आधी त्यानं भिंतीवरची काळी चकचकीत अठरा इंची चाकं सरांना दाखवली. "वकीलसाहेबांच्या दारात असली गाडी शोभती बघा."

पारमितानं शांतपणे सांगितलं की चाक मोठं घेतलं की रबराची उंची तेवढी कमी करावी लागते, नाहीतर एकूण घेर बदलतो आणि स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतं. शिवाय मोठं चाक जड. पळवायला, थांबवायला, वळवायला, तिन्हीला जास्त जोर. तिला सोळा इंचच हवं होतं. हलकी रिम, एकशे पंच्याण्णवच्या जागी दोनशे पाच मिलिमीटर रुंदीचा टायर, आणि रबर मऊ. घेर दीड टक्क्यानं कमी होईल, तो तिनं हिशेबात धरला होता.

भरमूनं सगळं ऐकून घेतलं आणि दीपंकरकडे मान वळवली. "म्याडम लई शिकलेल्या हायत."

आता तिनं टायरच्या अंगावरचा आकडा वाचला. "झिजेचा आकडा चारशे वीस आहे. मी फोनवर दोनशेचा मागवला होता, मऊ रबराचा."

"त्ये आलं न्हाईत कोल्हापुरास्नं. ह्ये घ्या की आक्का. धा वर्सं बघायला नको."

"दहा वर्षं टिकणारं रबर रस्त्याला धरत नाही."

"आता काय बोलायचं. सर, तुमीच सांगा की."

"राहू दे ना, पारू," दीपंकर म्हणाला. "साइज तर तीच आहे."

पारमितानं त्याच्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत टायर या विषयावरचं त्याचं हे पहिलं मत होतं. ती उठली आणि काळे झालेले हात धुवायला दुकानामागच्या नळाकडे गेली.

नळाशेजारी ताडपत्रीखाली काहीतरी रचून ठेवलं होतं. ताडपत्रीचा कोपरा वाऱ्यानं उलटला होता. दोनशे पाच, पन्नास, सोळा. तिनं ओल्या हातानंच आणखी थोडी ताडपत्री सारली. झिजेचा आकडा दोनशे. चारही नवे. नख टेकवलं तर अर्धचंद्र उमटला.

वरचा टायर उतरवून ती तो ढकलत पुढे घेऊन आली आणि भरमूच्या पायांशी उभा धरला.

"हे कोल्हापूरहून चालत आले वाटतं."

भरमूनं फडकं उचललं आणि स्वच्छ असलेला पान्हा पुसायला घेतला. "त्ये दुसऱ्या गिऱ्हाइकाचं हायत."

"कुणाचे?"

त्यानं पुन्हा दीपंकरकडे पाहिलं. पण या वेळी माल खपवणाऱ्याची नजर नव्हती. "वकीलसाहेब, आता तुमीच बोला. मी आपलं सांगितल्यालं क्येलं."

दीपंकर खुर्चीतून उठला. कोर्टात उठतो तसा नव्हे. खुर्चीचा हात धरून.

"मीच फोन केला होता त्याला," तो म्हणाला. "मागच्या साली शेवटच्या वळणावर तुझी गाडी गरगर फिरली तेव्हा मी प्रेक्षकांच्या दोरीपाशी उभा होतो. तू आत होतीस. बाहेरून ते कसं दिसतं तुला माहीत नाही."

"मग?"

"टायर कडक असले की गाडी पळणार नाही असं वाटलं. तू हळू चालवशील."

पारमितानं रुमाल काढून एकेक बोट पुसलं. करंगळीपर्यंत आल्यावर बोलली.

"मी हळू चालवलं नसतं. आकडा वाचायचा राहिला असता, तर मी मऊ रबराचा हिशेब धरून त्याच वळणात शिरले असते. त्याच वेगानं. आणि तू पुन्हा दोरीपाशी उभा असतास."

दीपंकरची नजर भरमूकडे वळली.

"भरमूला मी बाई दिसले, ठीक आहे. तो मला ओळखत नाही," ती म्हणाली. "तू तर ओळखतोस. मला म्हणायचंस, भीती वाटते म्हणून. मी ऐकलं असतं की नाही, ते मला ठरवू द्यायचंस."

भरमूनं आपणहून मागून उरलेले तीन टायर आणले. जॅक लावला, जुनी चाकं उतरवली, हलक्या रिमांवर मऊ टायर बसवले, हवा भरून ती चढवली. सगळं मान खाली घालून. शेवटी कोनाड्यातली लिंबं घेऊन तो आला आणि या वेळी पारमिताला विचारलं, "चाकाखाली ठिऊ काय, आक्का?"

"आमच्यात नसतं ते," दीपंकर सवयीनं बोलून गेला. अंधश्रद्धेवर विहारात तो तासतासभर बोलायचा, आणि लिंबाच्या विनोदावर लोक हमखास हसायचे.

"लिंबाला हसू नकोस," पारमिता म्हणाली. "तूही तेच केलंस. तुझं लिंबू रबराचं होतं, एवढंच."

भरमूनं लिंबं खिशात टाकली. किल्ली त्यानं कुणाच्याच हातात दिली नाही. बॉनेटवर ठेवली आणि बाजूला झाला. ती पारमितानं उचलली.

दीपंकर शेजारी बसला, पट्टा लावला आणि दारावरची कडी धरली. पारमितानं गाडी चाळीसवर ठेवली. कॅम्पाच्या रस्त्यावर एक रिक्षा त्यांना मागं टाकून गेली, मग दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल. नव्या टायरवर साच्यातला तेलकट थर असतो. तो घासून जाईपर्यंत सावकाशच चालवायचं असतं. बेळगावहून निपाणी गाठली की पुरे होतं. हे भरमूला ठाऊक होतं. दीपंकरला नव्हतं.

हळूहळू त्याची बोटं कडीवरून सुटली. हात मांडीवर आला.

"बरं वाटलं," तो हलकेच म्हणाला. "तू मनावर घेतलंस."

पारमितानं आरशात पाहिलं. घराचं वळण आलं आणि मागं गेलं. पुढं हायवेची कमान दिसू लागली.

"इकडं कुठं?"

"निपाणीला. आणि परत."

दीपंकरनं स्पीडोमीटरकडे मान लांबवली. काटा चाळीसवर स्थिर होता. तो हसला. "एवढ्या हळू?"

"जाताना," पारमिता म्हणाली.