दादा साइजच्या खिशातली गोळी

आमच्या कारखान्यात गणवेश शिवतात. पहारेकऱ्यांचे, ड्रायव्हरांचे, हॉस्पिटलातल्या वॉर्डबॉयचे. मापं पाच. पहिली चार खाकी पुठ्ठ्यांवर कापून भिंतीला खिळ्यांवर टांगलेली आहेत. पाचवं माप म्हणजे माझा नवरा.

थट्टा करत नाही. आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी यांना पॅकिंगला घेतलं, तेव्हाच खालपासून वरपर्यंत बघून ठरवलं होतं की जे यांना बसेल ते जगात कुणालाही बसेल. तेव्हापासून नवा लॉट आला की यांनी पॅकिंग सोडून कटिंगच्या खोलीत जायचं, चपला काढून लोखंडी स्टुलावर उभं राहायचं आणि कटिंग मास्तरांनी टेप लावायची. यांना सगळे दादा म्हणतात, म्हणून ते माप दादा साइज. यांना त्याचा कोण अभिमान! रस्त्यात एखादा जाडजूड पहारेकरी दिसला की मला कोपराने ढोसून म्हणायचे, "बघ, माझ्या मापात फिरतोय."

अभिमानाने काही गुडघे दुखायचे थांबत नाहीत. साखर वाढलेली, झोपेत श्वास अडकायचा, जिना चढताना दर वळणावर बैठक. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून यांचं पोट चहाच्या कपाएवढं केलं. घरी सोडताना मला बजावलं, "आता खाल्लेलं सगळं अंगी लागणार नाही, म्हणून या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम मात्र एका वेळी नकोत, मध्ये दोन तास जाऊ द्या." भांडलेल्या जावांना ठेवावं तशा मी त्या वेगळ्या डब्यांत ठेवल्या. रोज कारखान्याच्या दारात डब्या यांच्या हातात द्यायच्या आणि मी वर काज-बटणाला जायचं. "चहा जिरला की घेतो," म्हणून हे डब्या खिशात टाकायचे आणि पॅकिंगला जायचे.

वजन उतरायला लागलं. गाल गेले, हनुवटी सापडली. लॉट मात्र येतच होते आणि मास्तर यांना स्टुलावर चढवतच होते.

"मास्तर, अहो, दादा अर्धे झालेत," मी म्हणाले. "जुना पुठ्ठा काढा की."

"पुठ्ठा कशाला करायचा, वहिनी? माणूस होता ना." मास्तर मान खाली घालून खडूने रेघा मारत होते. "दादा साइज म्हणजे दादा. टेप दाखवेल ते मी कापणार."

या माणसापुढे मी हात टेकले. दादा साइज आधी चौथ्या मापाएवढं झालं, मग तिसऱ्याच्याही आत गेलं, आणि कॉलरवर लेबल मात्र तेच, सगळ्यात मोठं. एका खानावळीतल्या आचाऱ्याने शर्ट कसाबसा डोक्यातून घातला आणि तो काढता येईना. शेवटी कात्री आणावी लागली. परत आलेल्या गठ्ठ्यांनी जिना भरून गेला.

मालकांनी सगळ्यांना खाली बोलावलं. "बाबांनी घालून दिलेलं माप मी बदलणार नाही," ते म्हणाले. "दादांनाच परत मापात आणा. ते कसल्या तरी ताकदीच्या गोळ्या घेतात ना? दुप्पट द्या. अंग धरेल!"

"त्या अंग धरायच्या नाहीत, मालक. त्या आतल्या—"

पण बटणवालीचं कोण ऐकतो! हे तेवढे खिसा हाताने झाकून उभे राहिले. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पुढच्या मापाला हे स्टुलावरून पडले. लागलं फारसं नाही, पण उठवायला गेले तर म्हणतात, "पाय स्टुलावर ठेवला की हवेत, मला कळलंच नाही गं." तळवे कधीचे बधिर झाले होते आणि हा माणूस एका शब्दाने बोलला नव्हता. कंगव्यात केसांचे पुंजके येत होते. आदल्या आठवड्यात यांनी शर्ट भरायचेच विसरून रिकामी खोकी चिकटपट्टी लावून नीट रवाना केली होती. मी यांना बाजूला घेतलं.

"गोळ्या घेता ना?"

"घेतो की."

दुसऱ्याच दिवशी एक पहारेकरी थेट मालकांसमोर येऊन उभा राहिला. शर्टाची बटणं एकही लागलेली नाहीत, पोट मोकळं. मी परत आलेल्या शर्टांची बटणं मोजून घ्यायला तिथेच बसले होते.

"साहेब," तो अजिजीने म्हणाला, "तीन शर्ट मिळाले. तिन्हींच्या खिशातल्या गोळ्या खाल्ल्या. तरी शर्ट बसत नाही. अजून काही गोळ्या मिळतील का?"

"कसल्या गोळ्या?" मालक म्हणाले.

त्याने तळहात उघडला. मित्राच्या शर्टातली एक त्याने नमुना म्हणून आणली होती. मी ती गोळी ओळखली. जाऊ नंबर एक, लोह.

मी जिन्यावरचे गठ्ठे तुडवत खाली पॅकिंगला गेले. आमचे हे शर्टाची घडी घालून, वरच्या खिशात एक गोळी सोडून, खिसा थोपटत होते.

"अहो!"

हे दचकले. मग सगळं बाहेर पडलं. "एवढं पोट कापून घेतलं ते ताकदीच्या गोळ्या खाऊन परत फुगायला? मालकसुद्धा दुप्पट घे म्हणतोय. म्हणजे तूच बघ!" हातातला शर्ट यांनी खाली ठेवला. "मला परत दादा साइज व्हायचं नाही गं. आता मला न थांबता जिना चढता येतो."

"जिना चढायला पाय लागतात!" मी ओरडले. मला यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, इंजेक्शनं सुरू केली आणि यांना खडे बोल सुनावले. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आणखी उशीर केला असता तर पायांची खात्री देता आली नसती. आत्ताही वाट बघायची. गोळी चुकता कामा नये." हे मान डोलवत होते, पण डोळ्यांत संशय होताच. डॉक्टर म्हणतात घे, बायको म्हणते घे, मालक म्हणतो दुप्पट घे. एवढं एकमत यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

मग माझ्या डोक्यात आलं की यांचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास आहे, मास्तरांच्या टेपवर. मी म्हणाले, "पुढच्या लॉटपर्यंत माझ्यासमोर गोळ्या घ्या. मास्तर मोजतील. कंबर बोटभर जरी वाढली तरी डब्या मी स्वतः गटारात टाकीन." हे तयार झाले.

तेव्हापासून रोज पॅकिंगच्या टेबलाशी मी गोळी यांच्या जिभेवर ठेवायची, वर पाणी, मग "आ करा". मी बघायची, मास्तर बघायचे, मालकही चष्मा लावून आत डोकावायचे आणि समाधानाने निघून जायचे.

लॉट आला. हे चपला काढून माझ्या खांद्याचा आधार घेत स्टुलावर चढले. मालक देव पाण्यात घालून बसलेले. यांनी श्वास रोखून धरलेला.

"श्वास सोडा, दादा," मास्तर म्हणाले. टेप डोळ्यांजवळ नेली. "बोटभर कमी."

मालक मटकन कापडाच्या ताग्यांवर बसले. काळजीने त्यांचं खाणं वाढलं होतं आणि तागे चांगलेच दबले. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. टेप हातात होतीच.

"मालक, जरा हात वर करता?"

टेप मालकांच्या पोटाभोवती गेली आणि मास्तर खडूने आकडा लिहायला लागले. "आलं," ते म्हणाले. "बाबांचं माप घरातच होतं की!" सगळे त्या आकड्यावर वाकले.

मी यांच्या पायांकडे बघत होते. यांनी उजवं पाऊल उचललं, परत ठेवलं. मग डावं. मग परत उजवं. अंगठा स्टुलाच्या कडेवरून हळूच फिरवला.

"अगं," हे म्हणाले, "हे स्टूल केवढं गार आहे!"

मला रडूच फुटलं. मास्तरांनी गोंधळून मागे पाहिलं आणि मला समजावलं, "वहिनी, रडता काय? माप कमीच आलंय."