आधी नाव, मग गाणं

चष्मेवाला तसा थंड डोक्याचा माणूस. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, काचा घासायच्या, डोळ्यांत तेल घालून बारीक स्क्रू पिळायचे. घाई त्याला माहीतच नव्हती. पण मंगळवारी लॉन्ड्रीवाल्या आजी दुकानात येऊन गेल्या आणि तेव्हापासून गड्याचं बूड खुर्चीला टेकेना.

आजींना त्यांची लेक घेऊन आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा शेवटचा नंबर, वर्षभरात अक्षर दिसायचं बंद होईल. लेक हे हळू आवाजात सांगत होती आणि आजी नाकावर तपासणीची जड फ्रेम घेऊन कंटाळून गुणगुणत होत्या. एक कडवं झालं, आणि दुसऱ्याच्या आधी त्या हलकंच खाकरल्या, अगदी तालात. चष्मेवाल्याच्या हातातली काच टेबलावर पडली.

ते खाकरणं त्याला पाठ होतं. बेकरीमागच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी तो जुन्या सोल आणि रिदम अँड ब्लूज या नाचायच्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डी लावायचा. नामवंतांच्या नव्हेत हं! शेदोनशे निघाल्या, खोक्यात पडल्या आणि कुणा कुत्र्यानं विचारलं नाही, अशा. त्यातली ही एक त्याला बावीस वर्षांपूर्वी भंगारात सापडली होती. ढोल, एक बेसूर ट्रम्पेट, आणि आतडं पिळवटून गाणारी बाई. दुसऱ्या कडव्याआधी ती खाकरायची, तसा अख्खा हॉल नाचता नाचता एकसाथ खाकरायचा.

बाईचं नाव मात्र हॉलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, कारण ते त्यानंच झाकलं होतं. या रेकॉर्डवाल्या मंडळींची रीतच तशी. चांगली रेकॉर्ड हाती लागली की लेबलावर पांढरा कागद चिकटवायचा आणि वर खोटं नाव लिहायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला शोधूनही तिची प्रत मिळू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्यानं लिहिलं होतं, ‘मखमली भगिनी’. गाणारी एक, आणि हा बावीस वर्षं भगिनींची तारीफ करतोय.

लेक हसत म्हणाली, आईची म्हणे तरुणपणी एक रेकॉर्ड निघाली होती; आम्ही आपलं हो म्हणतो. आजींनी फ्रेममधूनच तिच्याकडे पाहिलं.

“हो म्हणता, पण विश्वास ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. “माझं नाव छापलं होतं त्यावर. कंपनी बुडाली, मला एक प्रतसुद्धा मिळाली नाही. दिसतंय तोवर एकदा बघायचं होतं, बस.”

आता इथं माणसानं बोलायला नको का? पण हा फ्रेम उतरवून वहीत नंबर लिहीत बसला. शुक्रवारी या, चष्मा तयार असेल, एवढंच कसंबसं म्हणाला.

घरी पोचला तो पायातले जोडे न काढताच कपाटाकडे गेला. बायकोनं विचारलं, आग लागलीय का? त्यानं ऐकलंच नाही. रेकॉर्ड काढून वरचा कागद नखानं उचकटून पाहिला, हलेना. हलेल कसा? फ्रेम चिकटवायचा गोंद वापरला होता ना शहाण्यानं. पातीनं खरवडला तर खालचं लेबलही सोलून निघालं, आणि नावाच्या जागी उरला उघडा काळा गोल. तो तसाच खाली बसला. एका बाईची आयुष्यभराची एकच खूण, आणि ती जपतो जपतो म्हणून यानंच खाल्ली. त्याला स्वतःची शिसारी आली.

बुधवारभर तो दुकानात येरझारा घालत राहिला. जवळच्या नंबराची काच लांबच्या फ्रेममध्ये बसवली, एका मास्तरांना त्यांचाच चष्मा दोनदा विकायला निघाला. शेवटी गुरुवारी उठला आणि न्हाव्याकडे गेला. न्हावी म्हणजे हॉलमधला त्याचा जुना वैरी. रेकॉर्डींच्या बाबतीत दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. चष्मेवाल्यानं आधी ताकाला जाऊन भांडं लपवलं, हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग एकदम सगळं ओकला.

न्हाव्यानं गिऱ्हाइकाची दाढी पुरी केली, हात धुतले, आणि आतल्या खोलीत टॉवेलांच्या चळतीखालून एक रेकॉर्ड काढली. तिच्यावरही पांढरा कागद होता.

“चौदा वर्षं झाली मिळून,” तो खाली बघत म्हणाला. “लावली असती तर तुझीच रेकॉर्ड माझ्याकडेही आहे हे तुला कळलं असतं.”

चष्मेवाल्याला हसावं की त्याची मान धरावी कळेना. पण न्हाव्यानं कागद पिठाच्या खळीनं चिकटवला होता. दाढीचा वाफाळता टॉवेल त्यानं लेबलावर घडीभर धरला, आणि कागद सायीसारखा सुटून आला. खाली नाव होतं, आडनावासकट.

शुक्रवारी आजींच्या नाकावर नवा चष्मा चढवून चष्मेवाल्यानं अक्षरांच्या पाटीऐवजी ती रेकॉर्डच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती जवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. नाव मोठ्यानं वाचलं आणि लेकीकडे दिली. लेकीनं वाचलं आणि तिचा चेहरा पडला. तिनं आईचा हात धरला. मग चष्मेवाल्यानं हॉलचं, कागदाचं, भगिनींचं सगळं सांगून टाकलं. हात जोडून माफी मागितली.

“बेकरीमागचा हॉल?” आजी म्हणाल्या. “तिथले टेबलक्लॉथ सोळा वर्षं माझ्याकडेच येतात इस्त्रीला.”

आजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“रविवारी येते मी. आधी नाव सांगायचं, मग गाणं.”

रविवारी त्यानं माइकवर नाव सांगितलं. न्हाव्यानं सुई टेकवली. आजी भिंतीजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या होत्या आणि पहिलं कडवं संपत आलं तशी त्यांची चुळबुळ वाढली. त्यांनी लेकीच्या कानात सांगितलं, पुढं माझी चूक आहे, मी खाकरले, पुन्हा गाऊ दिलं नाही मला. त्यापायीच तर खपली नाही. एवढ्यात ती जागा आली आणि दीडशे माणसं एकसाथ खाकरली.

आजी दचकल्या. मग तोंडाला पदर लावून रडू लागल्या, आणि गाणं संपल्यावर म्हणाल्या, पुन्हा लावा.