माझ्याखाली उभे राहणारे अलेन

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. पण माझ्यावर एकही अक्षर नाही, म्हणून स्वतःला पाटी म्हणवून घ्यायलाही मला संकोच वाटतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, जमिनीखालच्या एका स्टेशनात, फलाटाच्या बरोबर मध्यावर मी छताला टांगलेली आहे. अंगावर काळेपांढरे पट्टे, एवढंच. ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथल्या रंगाऱ्याने शेवटचा पट्टा ओढून मला भिंतीशी टेकवलं, ते दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या पाट्या लोक वाचतात. मी मात्र खाली पुस्तक उघडून बसलेल्यांच्या खांद्यावरून चार ओळी वाचून घेते.

माझं काम एकच. गाडीच्या मधल्या डब्यात गार्ड असतो. गाडी थांबली की त्याने खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवायचं. मी बरोबर समोर दिसले म्हणजे सगळे डबे फलाटाला लागले. मगच दारं उघडायची, असा नियम आहे.

तीन वर्षांपूर्वी यव्हेट अलेन ही मुलगी गार्ड झाली. तिचे वडील विन्थ्रॉप अलेन तरुणपणी बार्बेडोसहून इथे आले आणि तीस वर्षं याच गाड्या चालवून निवृत्त झाले. मुलगी परीक्षा पास झाली त्या दिवशी ते जेवताना म्हणाले, "दोन महिने टिकायची नाहीस." त्याच आठवड्यात ती घर सोडून गेली आणि तिने बोलणंच टाकलं. झाडूवाल्या ओर्लांडोला त्यांनी हे सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

ती आमच्या मार्गावर आल्याचं कळल्यापासून अलेन रोज सकाळी माझ्याखाली येऊन उभे राहू लागले. छत्रीच्या टोकाला रुमाल बांधायचे आणि रुळांवरून उडून माझ्यावर बसलेली काळी धूळ पुसायचे. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी पुसलं नव्हतं. हे माझ्यासाठी नाही, हे कळत होतं. तरी बरं वाटायचं.

"अहो ड्रायव्हरसाहेब," ओर्लांडो म्हणायचा, "पोरगी ढुंकून बघत नाही. कशाला पाय दुखवून घेता?"

"न बघून जाईल कुठे? पाटीकडे बोट दाखवावंच लागतं तिला."

"पाटीकडे. तुमच्याकडे नाही."

"पाटीच्या खाली कोण उभं असतं मग?"

यव्हेटचं बोट मात्र माझ्यावरच रोखलेलं असायचं. चेहरा दगडाचा. दारं उघडायची, मिटायची, गाडी निघून जायची.

हिवाळ्यात एक दिवस अलेन आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माझे पांढरे पट्टे करडे होत गेले. पाचव्या दिवशी यव्हेटचं बोट माझ्यापर्यंत आलं आणि हळूहळू खाली, रिकाम्या जागेवर उतरलं. दारं उघडायला जरा उशीरच झाला.

"ओर्लांडो, म्हातारा कुठंय?" तिने खिडकीतून विचारलं.

"कुठला म्हातारा? इथे छप्पन्न येतात."

"माझे बाबा."

"गुडघा धरलाय त्यांचा. जिना उतरवत नाही. काल फोन करून मला म्हणे, पाटी तेवढी पुसून ठेव, पोरीला नीट दिसायला हवी."

तिने मान आत घेतली. दारं मिटली.

पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. मी जागची हलू शकत नाही ना. पण रविवारी साध्या कपड्यातली यव्हेट वडिलांचा हात धरून एकेक पायरी उतरताना दिसली. माझ्याखाली येऊन अलेननी छत्री उचलली. तशी तिने ती काढून घेतली.

"द्या इकडे. तुमचे कोपरे राहतात नेहमी."

"तुला काय माहीत?"

"रोज बघत होते."

ते म्हणाले, "दोन महिने म्हणालो होतो. चुकलं माझं."

"तीन वर्षं झाली, बाबा," ती म्हणाली आणि माझा शेवटचा कोपरा पुसू लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या पाट्यांवर कागद चिकटवू नका. जमलं तर धूळ पुसा. आणि नेमून दिलेल्या जागी बोट दाखवून झालं की नजर जराशी खाली उतरवा. तिथे कुणीतरी तुमच्यासाठी उभं असेल.